टेमघरचा गाळ आणि क्लिकोबाईंची बाटली

सर्वप्रथम रेक्टर मॅडमना नम्र विनंती. लेखाचं नाव वाचून कृपया रूम चेकिंगला निघू नका. या लेखात बाटली आहे हे खरं, पण ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यातलं पेय आमच्यापैकी कुणाच्याही पॉकेटमनीत बसणारं नाही. तेव्हा निर्धास्तपणे पुढे वाचा.

झालं असं की, थर्ड इयरला आमची इंडस्ट्रियल व्हिजिट नाशिकजवळच्या एका वायनरीत गेली होती. व्हिजिट म्हटल्यावर जे होतं तेच झालं. निम्मी बस स्टीलच्या टाक्यांपुढे फोटो काढण्यात दंग, उरलेली निम्मी जेवण कधी मिळणार या चिंतेत. मी रिपोर्ट लिहायचा म्हणून वही घेऊन गाइडच्या मागे मागे फिरत होते. एका थंडगार खोलीत लाकडाच्या फळ्या तंबूसारख्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या होत्या. फळ्यांना भोकं, आणि प्रत्येक भोकात एक बाटली, डोकं खाली पाय वर! गाइडने जाता जाता सांगितलं की बाटलीतला गाळ तोंडाशी आणायची ही युक्ती आहे आणि ती फ्रान्समधल्या एका विधवेच्या तळघरात निघाली. मंडळी पुढे गेली. माझ्या वहीत मात्र तीन शब्द राहिले : गाळ, टेबल, विधवा.

आता हेच तीन शब्द का? त्याला कारण आहे. मी मूळची भिवंडीच्या टेमघरची. टेमघर म्हटलं की बाहेरच्यांना काही आठवत नाही, पण ठाणे आणि मीरा-भाईंदरकडच्या कित्येक मित्रमैत्रिणींनी लहानपणापासून आमच्या गावचं पाणी प्यायलेलं आहे. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला आणून शुद्ध करायचं आणि मग शहरांना पाठवायचं, अशी ती शहाड-टेमघरची योजना. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं येतं. त्यात तुरटी घालतात, बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि शांत टाकीत तळाशी बसतात. वरचं पाणी पुढे वाळूच्या गाळणीत जातं. घाई केली, पाणी ढवळलं, की सगळं मुसळ केरात. सेडिमेंटेशन हा शब्द मला कॉलेजने शिकवला, पण गाळाला वेळ द्यावा लागतो हे मी टेमघरला शिकले.

आणि विधवा हा शब्द? तो आमच्या घरातला आहे. त्याबद्दल नंतर सांगते.

बार्ब-निकोल पाँसार्दाँ हिचा जन्म १६ डिसेंबर १७७७ रोजी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या रँस शहरात झाला. (स्पेलिंग बघून आपण रीम्स म्हणू, पण तिथली माणसं रँस म्हणतात.) फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक याच शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये व्हायचा. पण पोट भरायचं ते कापडावर. लोकरी कापडाचा मोठा धंदा, व्यापारी, कारागीर, गोदामं... थोडक्यात त्या काळची भिवंडीच म्हणा ना! बार्ब-निकोलचे वडील तिथले बडे कापड कारखानदार. ती अकरा वर्षांची असताना राज्यक्रांती झाली. वडिलांनी वाऱ्याची दिशा ओळखली, क्रांतिकारकांच्या बाजूला जाऊन बसले आणि घरदार वाचवलं. पुढे नेपोलियनच्या राज्यात हेच गृहस्थ शहराचे महापौर झाले. धंद्यात तग कसा धरावा याचं पहिलं शिक्षण पोरीला घरातच मिळालं असणार.

१७९८ साली तिचं लग्न फ्रांस्वा क्लिको याच्याशी झालं. क्रांतीच्या धामधुमीत चर्चचे विधी उघडपणे करण्याची सोय नव्हती, म्हणून लग्न एका तळघरात लागलं असं सांगतात. क्लिको घराणंही कापडवालेच. सासरे फिलिप यांनी १७७२ मध्ये कापडाच्या जोडीला वाइनचा व्यापार सुरू केला होता. बूझी गावात घराण्याचे द्राक्षमळे होते. सासऱ्यांच्या लेखी वाइन हा जोडधंदा, फ्रांस्वाच्या डोक्यात मात्र तोच मुख्य धंदा व्हायला हवा होता. तो ऑर्डरी मिळवायला युरोपभर हिंडला. या भटकंतीत त्याला लुई बोन नावाचा सेल्समन भेटला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७९९ मध्ये मुलगी झाली, क्लेमांतीन. आणि १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये तापाचं निमित्त होऊन फ्रांस्वा गेला. बार्ब-निकोल तेव्हा सत्तावीस वर्षांची. पदरात सहा वर्षांची मुलगी. मुलगा गेल्याच्या दुःखात सासऱ्यांनी वाइनचा धंदा गुंडाळायचं ठरवलं.

इथे तेव्हाचा कायदा समजून घेतला पाहिजे. १८०४ मध्ये नेपोलियनने नवा दिवाणी कायदा आणला. त्यात लग्न झालेली बाई नवऱ्याच्या परवानगीवाचून करारमदार करू शकत नव्हती. कुमारिका बापाच्या धाकात, सवाष्ण नवऱ्याच्या. विधवा मात्र स्वतःच्या नावाने व्यवहार मोकळेपणाने करू शकत होती! म्हणजे ज्या दिवशी तिच्यावर आभाळ कोसळलं, त्याच दिवशी कायद्याने तिच्या हातात किल्ली दिली. पण किल्ली मिळाली म्हणून दार उघडतंच असं नाही. तिच्यासारख्या श्रीमंत घरातल्या सुनेकडून अपेक्षा होती ती काळे कपडे घालून घरात बसण्याची, नाहीतर दुसरं लग्न करण्याची.

तिने सासऱ्यांकडे धंदा चालवायची परवानगी आणि भांडवल मागितलं. सासऱ्यांचंही कौतुक केलं पाहिजे, ते हो म्हणाले. पण अट घातली की आधी जाणत्या माणसाच्या हाताखाली काम शिक. अलेक्झांद्र फुर्नो या अनुभवी व्यापाऱ्याबरोबर १८०६ मध्ये चार वर्षांची भागीदारी झाली. आपल्या भाषेत चार वर्षांची अप्रेंटिसशिप.

आणि ही चार वर्षं कशी गेली? थेट नापास! इंग्लंड आणि नेपोलियन यांचं हाडवैर. इंग्रजांच्या युद्धनौकांनी समुद्र अडवलेला, तर नेपोलियनने युरोपची बंदरं इंग्रजी मालाला बंद केलेली. वाइन विकायची कुठे? हजारो बाटल्या ॲम्स्टरडॅमच्या बंदरात अडकल्या आणि तिथेच खराब झाल्या. १८१० मध्ये मुदत संपली तेव्हा फुर्नो बाजूला झाले. पुन्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी ही बाई थांबेल. तिने सासऱ्यांकडून पुन्हा आधार घेतला आणि एकटीच्या मालकीची नवी पेढी उघडली. पेढीचं नाव, व्हव्ह क्लिको पाँसार्दाँ.

व्हव्ह म्हणजे विधवा. फ्रान्सच्या व्यापारात विधवेने आपल्या पेढीला असं नाव द्यायची रीत होती, ती काही तिने काढलेली नाही. तिच्या आधी आणि नंतरही अशा बायका होत्या. पण विचार करा, आपल्याकडे जो शब्द बाई समोर आली की लोक हळू आवाजात बोलतात, तो इथे पाटीवर पहिला, आणि बाईंचं नाव त्याच्या मागून!

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, पेपरला येणार नाही.

शॅम्पेन हा प्रांत पॅरिसच्या पूर्वेला. थंडी एवढी की द्राक्षं जेमतेम पिकतात. जमीन खडूची, म्हणजे आपल्या फळ्यावरच्या खडूसारख्या पांढऱ्या मऊ चुनखडीची. पाणी धरून ठेवते आणि खोदायला सोपी. रँस शहराखाली जुन्या काळापासून खडूच्या खाणी आहेत. आत वर्षभर दहा-बारा डिग्रीच्या आसपास तापमान, ना एसीचं बिल ना लोडशेडिंगची भीती. या खाणीच वाइनची तळघरं झाली.

हिवाळ्यात थंडीने वाइनचं आंबणं अर्धवट थांबतं आणि वसंतात उबेबरोबर पुन्हा सुरू होतं. ते बंद बाटलीत झालं की कार्बन डायऑक्साइड आतच कोंडतो. हेच ते बुडबुडे. आतला दाब सहा ॲटमॉस्फियरपर्यंत जातो, आपल्या कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त. त्या काळच्या काचेला तो झेपत नसे, तळघरात बाटल्या फटाक्यांसारख्या फुटत. पण बाटली टिकली तरी दुसरी पंचाईत उरायचीच. आंबवणारे यीस्ट काम संपलं की मरतात आणि त्यांचा गाळ बाटलीतच राहतो. वाइन दिसते ढगाळ. ग्राहकाला पाहिजे आरशासारखी स्वच्छ. गाळायला जावं तर बुडबुडे उडून जातात. एका बाटलीतून दुसरीत ओतावं तर गॅसही जातो, मालही सांडतो आणि वेळ लागतो तो वेगळाच. टेमघरला निदान टाकी उघडी तरी असते. इथे गाळ काढायचा, पण झाकण उघडून बसायचं नाही! आहे की नाही व्हायवाला विचारण्यासारखा प्रश्न?

लक्षात घ्या, यीस्ट म्हणजे काय हेच तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. आंबण्याचं कोडं लुई पाश्चरने उलगडलं ते खूप पुढे. त्याचा वाइनवरचा ग्रंथ आला १८६६ मध्ये. क्लिकोबाई गेल्या तेही त्याच वर्षी. म्हणजे बाईंचं सगळं आयुष्य थिअरीशिवाय प्रॅक्टिकल करण्यात गेलं.

मधल्या काळात नशिबाने एकदाच हात दिला. १८११ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसत होता आणि त्या वर्षी द्राक्षंही अप्रतिम आली. बाईंनी ती वाइन तळघरात जपून ठेवली. १८१४ च्या सुरुवातीला नेपोलियनचा डाव उलटला आणि रशियन फौजा रँसमध्ये शिरल्या. सैनिकांनी तळघरं रिकामी करायला सुरुवात केली. कुणीही कपाळाला हात लावला असता. बाईंचा हिशोब वेगळा होता. आज फुकट पिणारा हाच रशियन उद्या घरी गेल्यावर विकत मागेल!

त्या वेळी रशियात फ्रेंच बाटलीबंद वाइनला बंदी होती. युद्ध संपल्यावर ती उठणार हे दिसत होतं. पण ती उठेपर्यंत थांबलं तर सगळेच व्यापारी एकदम धावणार. म्हणून बाईंनी कुणाला पत्ता लागू न देता एक डच जहाज ठरवलं. जून १८१४ मध्ये रुआँ बंदरातून १०,५५० बाटल्या निघाल्या. सोबतीला लुई बोन. मुक्काम बाल्टिक समुद्रावरचं कोनिग्सबर्ग, आजचं रशियातलं कालिनिनग्राड. बंदी कायम राहिली असती, उन्हाळ्यात माल खराब झाला असता किंवा जहाज बुडालं असतं, तर पेढीही बुडाली असती. पण जहाज पोचलं आणि बाटल्या हातोहात गेल्या. लवकरच दुसरं जहाज निघालं. सेंट पीटर्सबर्गच्या मोठ्या घरांत क्लिको हे नाव झालं ते तिथून.

आता झाली उलटीच अडचण. ऑर्डरी ढीगभर आणि माल तयार होईना. घोडं अडलं होतं गाळापाशी. प्रॉडक्शनच्या सरांच्या भाषेत बॉटलनेक, आणि इथे तर तो शब्दशः बाटलीच्या मानेत!

१८१६ च्या सुमारास यावर उत्तर निघालं. बाईंनी घरचं जेवणाचं टेबल तळघरात नेऊन त्याला भोकं पाडायला लावली असं सांगतात. टेबलाची गोष्ट थोडी रंगवलेली असेल, युक्ती मात्र पक्की आहे. बाटली तोंड खाली करून तिरकी भोकात ठेवायची. रोज थोडासा झटका देऊन थोडीशी फिरवायची. हळूहळू अधिक उभी करत न्यायची. काही आठवड्यांत सगळा गाळ घसरत घसरत बुचावर येऊन बसतो. मग सराईत माणूस बूच उघडतो, आतला दाबच गाळाचा गोळा बाहेर फेकतो, आणि क्षणात बाटली सरळ करायची. कमी झालेली वाइन आणि थोडी साखर घालून पुन्हा बूच. ज्या गॅसमुळे गाळणं अशक्य होतं, त्याच गॅसकडून झाडलोट करून घेतली! या कामात बाईंबरोबर तळघराचे प्रमुख अंत्वान म्यूलर होते. भोकं तिरकी पाडण्याची सुधारणा त्यांची मानतात. तेव्हा श्रेय दोघांचं. शिवाय दिवसभर हजारो बाटल्या फिरवणाऱ्या त्या कामगारांचंही, ज्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

युक्ती काही वर्षं गुप्त राहिली आणि मग सगळ्या शॅम्पेन प्रांताने उचलली. आजही तीच चालते. मोठ्या कारखान्यांत आता बाटल्यांचे पिंजरे मशीन फिरवतं आणि आठवड्यांचं काम दिवसांत उरकतं, पण तत्त्व तेच. आपल्या महाराष्ट्रातही १९८० च्या दशकात नारायणगावला याच पद्धतीने बुडबुड्यांची वाइन निघाली, आणि तंत्राची मदत आली होती रँसच्याच एका पेढीकडून. जग गोल आहे म्हणतात ते असं.

बाई कधी चुकल्या नाहीत असं समजू नका. यशाच्या भरात त्या बँकिंगमध्येही शिरल्या. १८२८ मध्ये पॅरिसची एक बँक बुडाली आणि तिच्याबरोबर बाईही बुडायच्या बेतात होत्या. त्यांना वाचवलं एदुआर वर्ले या जर्मन कारकुनाने. हा सात वर्षांपूर्वी पेढीत नोकरीला लागलेला. त्याने पॅरिसला धाव घेऊन, स्वतःची पत पणाला लावून पैसा उभा केला. १८३१ मध्ये बाईंनी त्याला भागीदार केलं.

आणि मला सर्वात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. मुलीचं लग्न १८१७ मध्ये एका सरदार घराण्यातल्या तरुणाशी झालं होतं. जावई कवी, शौकीन, खर्चिक. बाईंनी त्यांना काही कमी पडू दिलं नाही. त्यांच्यासाठी बूर्सो गावी मार्न नदीच्या काठावर नवा राजवाडा बांधला. पण पेढी? ती दिली वर्लेला. घर रक्ताच्या माणसांना आणि काम कामाच्या माणसाला! घराण्याची पेढी त्यामुळे दुसऱ्याच घराण्यात गेली आणि तिथे शंभराहून अधिक वर्षं टिकली. १९८० च्या दशकात ती एका मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली.

बाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. मुलगी त्यांच्या आधी गेली. म्हातारपणीचं त्यांचं एक तैलचित्र प्रसिद्ध आहे. जाडजूड बाई, डोक्यावर टोपी, मांडीवर पुस्तक, पायाशी पणती आन. दिसायला अगदी कुणाची तरी आजी. (ही पणती पुढे १८९८ मध्ये मोटारीची परीक्षा पास होणारी फ्रान्समधली पहिली बाई ठरली. मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.) २९ जुलै १८६६ रोजी बूर्सोच्या वाड्यात बाई वारल्या. वय अठ्ठ्याऐंशी. २०१० मध्ये बाल्टिक समुद्राच्या तळाशी एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या बाटल्या सापडल्या. त्यात बाईंच्या पेढीच्याही होत्या. २०१५ मध्ये शॅम्पेनचे डोंगरउतार आणि तळघरं युनेस्कोच्या यादीत गेली.

आता राहिलेला तिसरा शब्द.

मी नववीत असताना बाबा गेले. टेमघरला आमच्या शेडमध्ये सहा यंत्रमाग. सुताचे बीम व्यापाऱ्याचे, विणकाम आमचं, मजुरी मीटरवर. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांचा एकच सल्ला, माग भंगारात घाल, शेड भाड्याने दे, सुखाने बस. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. भिवंडीत कितीतरी माग तसेच भंगारात गेलेत. आईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जॉबरकाकांना बोलावून तुटलेली तार कशी जोडायची इथपासून शिकायला बसली. तिला कुणी नेपोलियनचा कायदा सांगितला नव्हता. एका व्यापाऱ्याने बीम द्यायच्या आधी घरात पुरुषमाणूस कोण आहे हे विचारलं. तिने माझं नाव सांगितलं. तो हसला, पण बीम दिले. त्या मागांवरच माझी फी निघते.

तरीही संक्रांतीला आमच्या आळीत हळदीकुंकू असलं की आईला बोलावणं नसतं. आणि बिलबुकावर अजून बाबांचं नाव आहे. तेच चालू दे, लोकांना ओळखीचं आहे, असं तिचं म्हणणं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद केल्या, ते मी तिला वाचून दाखवलं होतं. तिने माग थांबवून ऐकलं आणि पुन्हा चालू केला.

व्हिजिटहून आल्यावर मी क्लिकोबाईंची गोष्ट तिला फोनवर सांगितली. मागांच्या खडखडाटात किती ऐकू गेली कुणास ठाऊक. तिने एवढंच विचारलं की मग गाळ निघाला का. म्हटलं, निघाला. रोज थोडी थोडी बाटली फिरवली म्हणून निघाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी भिवंडीतल्या एका प्रेसमधून नवीन बिलबुक छापून घेतलं. सगळ्यात वर आईचं नाव, ठळक अक्षरात. पैसे माझ्या स्कॉलरशिपमधले. आईने ते उलटसुलट करून पाहिलं, देवाजवळ ठेवलं आणि सांगितलं की जुन्या बुकात अजून अकरा पानं शिल्लक आहेत, ती वाया घालवायची नाहीत.

गेल्या आठवड्यात फोन केला तेव्हा चार उरली होती.

(तृतीय वर्ष, केमिकल)